मे महिन्यातली नोकरभरती

शाळा असताना ज्या मुलांना उठवायला आधी पांघरूण ओढावं लागतं, मग पंखा बंद करावा लागतो आणि शेवटी ओल्या हाताची धमकी द्यावी लागते, तीच मुलं सुट्टीच्या पहिल्या दिवशी दूधवाल्याच्या आधी उठतात. आपल्या उशाशी येऊन उभी राहतात आणि विचारतात, "बाबा, आज काय करायचं?" या प्रश्नाला सकाळी नवाच्या आत समाधानकारक उत्तर मिळालं नाही, तर दुपारी एकपर्यंत एक जण रडलेला असतो, एक जण रुसलेली असते आणि सोफ्याच्या उशीतला कापूस दिवाणखान्यात उडत असतो. राज्यातल्या बहुतेक शाळांना मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी असते. तेव्हा हा प्रश्न निदान चाळीस सकाळी विचारला जाणार, हे धरूनच चालावं.

बाजारात यावर दोन उपाय मिळतात. पहिला शिबिराचा. एप्रिल उजाडला की वर्तमानपत्राच्या घडीतून पत्रकं गळायला लागतात. व्यक्तिमत्त्व विकास, वैदिक गणित, मातीकाम, रोबोटिक्स, शिवाय श्लोकपठण आणि कराटे एकाच शुल्कात. शिबिरांशी माझं वैर नाही. पण शिबिर दोन तासांचं असतं आणि दिवस चोवीस तासांचा. उरलेल्या बावीस तासांबद्दल पत्रकात अवाक्षर नसतं. त्यातून मूल घरी येतं ते ताजंतवानं होऊन, आणि येताना कागदाच्या लगद्याचा एक मुखवटा घेऊन येतं. तो भिंतीवर लावला तर पाहुणे दचकतात आणि टाकून दिला तर मूल.

दुसरा उपाय मोबाइलचा. तो फुकट वाटतो, म्हणून जास्त महाग. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तासांचं कोष्टकच घालून दिलं आहे: दोन वर्षांखाली पडदा अजिबात नको, दोन ते पाच या वयात फार तर एक तास आणि पाच ते दहा वर्षांच्या मुलांना दोन तासांहून कमी. हे कोष्टक मी फ्रिजवर लावलं. धाकट्याने ते नीट वाचून विचारलं, "चाळीसच्या पुढच्या बाबांना किती?" तेवढा रकाना त्यात नाही.

मग मला आमचं आजोळ आठवलं. मे महिन्यात तिथे मामे-मावस मिळून डझनभर पोरं जमत आणि त्यांच्यासाठी कुणीही कसलाही उपक्रम राबवत नसे. आजी आमची करमणूक करायची नाही, आम्हाला नेमणुका द्यायची. कुरडयांचा चीक शिजला की एकाने सोऱ्या आणायचा, दोघांनी धुतलेली लुगडी गच्चीत अंथरायची, एकाने काठी घेऊन कावळे हाकायचे. पगार म्हणून वाटीभर गरम चीक किंवा तेलात बुडवलेल्या पापडाच्या लाट्या. सगळ्यांत लहान मामेभावाला काहीच जमत नसे, म्हणून आजीने त्याला "गच्चीचं दार लावून घेणारा" नेमला होता. त्याच्या परवानगीशिवाय मामासुद्धा गच्चीवर जाऊ शकत नसे.

यावरून माझं एक मत बनलं आहे आणि ते मी घरी राबवून पाहिलं आहे. मुलांना सुट्टीत करमणूक लागते, हा आपला समज. त्यांना लागतो हुद्दा. करमणूक तासाभरात शिळी होते. हुद्द्याची नशा शाळा उघडेपर्यंत टिकते.

पहिली भरती वाळवण खात्यात करावी. कुरडया सगळ्यांच्या आवाक्यातल्या नसतात; साबुदाण्याच्या पापड्या आणि बटाट्याचा कीस कुणालाही जमतो. सकाळी ऊन कोवळं असतानाच घालून मोकळं व्हायचं. राखणदाराची जागा जिन्याच्या खोलीच्या सावलीत ठेवायची, शेजारी पाण्याची बाटली, आणि अकराला पाळी संपवून खाली बोलवायचं. पुढचं काम ऊनच करतं. आमच्या थोरलीने या खात्यात पहिल्याच दिवशी वही घातली. त्यातली नोंद अशी होती: "कावळे: ० (शहरात उरले नाहीत). कबुतरं: मोजता आली नाहीत. खालच्या मजल्यावरचे काका: १, पापड्या: ४, कारण: चव बघायला." ती वही तिने सोसायटीच्या सेक्रेटरींना दाखवली. तेव्हापासून ते काका जिन्यात भेटले की माझ्याकडे बघत नाहीत. पगार म्हणून अर्धवट वाळलेल्या पापड्या द्याव्यात. त्या पूर्ण वाळलेल्यांपेक्षा चांगल्या लागतात, त्यामुळे पगारात अर्धी बरणी जाते. तेवढी तूट अंदाजपत्रकात धरून ठेवावी.

दुसरं खातं आंब्यांचं. पेटी आली की आंबे पेंढ्यावर एकेरी थरात लावायचे आणि रोज सकाळी पिकलेले वेगळे काढायचे, हे काम सात वर्षांच्या माणसाला झेपतं. एकच नियम शिकवायचा: आंबा दाबून बघायचा नाही, देठापाशी हुंगायचा. दाबलेला हापूस आतून डागाळतो. आमचा धाकटा पहाटे पलंगाखाली शिरून एकेका आंब्याचा वास घेतो आणि बाहेर येऊन जाहीर करतो, "आज तीन." एकदा रात्री जेवणानंतर मुलांच्या आजीने, म्हणजे माझ्या आईने, स्वतःच्या हाताने एक आंबा उचलला. "आजी, तो उद्याचा आहे," असं सांगून त्याने तो परत पेंढ्यात ठेवला. पन्नास वर्षं या घराचं स्वयंपाकघर चालवलेल्या बाईला आपल्याच घरात आंब्यासाठी वशिला लावावा लागला. तिने तो माझ्याकडे लावला. माझंही चाललं नाही.

आंबा कापला की भांडण येतंच. त्यावर जुना आणि बिनतोड उपाय आहे: एकाने वाटे करायचे, दुसऱ्याने आधी उचलायचं. वाटे करणारा इतका काटेकोर होतो की आमच्याकडे थोरलीने एकदा भूमितीच्या पेटीतली पट्टी आणली होती. मात्र कोय वाटता येत नाही. तिच्यासाठी दिनदर्शिकेवर आळीपाळीने नावं लिहावीत आणि ती पेनाने लिहावीत. पेन्सिलीने लिहिलेली नावं रात्रीतून बदलतात.

आता दुपार. बारा ते चार बाहेर सोडायचं नाही, एवढं ठरलेलं असावं. कुणी उन्हातून तोंड लाल करून आलंच, तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट द्यावं; चमचा चहाचा, आमटीचा नव्हे. एरवी कैरीचं पन्हं आहेच. ते ढवळण्याच्या खात्यासाठी उमेदवारांची कधी कमतरता नसते.

दुपारचं मुख्य खातं पत्त्यांचं. ते आजीकडे सोपवावं. चार जण असले तर मेंढीकोट, तीन असले तर पाच-तीन-दोन, शेजारची पोरं आली तर झब्बू किंवा बदाम सात. बदाम सातमध्ये हातातली अठ्ठी दाबून ठेवून समोरच्याची त्या रंगाची वरची सगळी पानं अडवता येतात. हे कळल्यापासून आमची थोरली सरकारी नोकरीतच जाणार, याबद्दल मला शंका उरलेली नाही. आजी पंच असते आणि खेळतेही, त्यामुळे तिच्याविरुद्ध निकाल लागल्याचं कुणी पाहिलेलं नाही. एक सूचना: मेच्या दुसऱ्या आठवड्यानंतर कुठल्याही घरात ५२ पत्ते पूर्ण सापडत नाहीत. आमच्याकडे चौकटची दुर्री म्हणून एका विमा एजंटाचं व्हिजिटिंग कार्ड खेळतं. पाठीवरून ते सगळ्यांना ओळखू येतं, म्हणून ते ज्याच्या हातात येतं तो आधीच रडायला लागतो.

मेमध्ये आणखी एक तमाशा फुकट मिळतो आणि तो फारच थोडी घरं बघतात. कर्कवृत्त महाराष्ट्राच्या उत्तरेकडून जातं, त्यामुळे आपल्या राज्यात सगळीकडे वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. पहिली वेळ मेमध्ये: कोल्हापुरात ६ तारखेच्या आसपास, पुण्यात १३-१४ला, मुंबईत १५-१६ला, नागपुरात २६च्या आसपास. दुसरी वेळ पावसाळ्यात येते आणि बहुधा ढगातच जाते. तेव्हा मेमध्येच एका मुलाला खगोल खात्याचा प्रमुख करावा. साहित्य म्हणजे एक स्टीलचा पेला, एक खडू आणि सपाट गच्ची. दुपारी बाराच्या पुढे दर पाच मिनिटांनी पेल्याच्या सावलीभोवती खडूने रेघ मारत जायचं. पुण्यात साडेबाराच्या सुमारास ती पेल्याच्या बुडाखाली गडप होते. बारा ते चारच्या नियमाला एवढीच सूट; डोक्यावर टोपी हवी आणि सूर्याकडे बघायचं नाही. आमच्या प्रमुखाने गेल्या मेमध्ये सगळ्या इमारतीला निमंत्रणं दिली. वॉचमनकाका काठी घेऊन आले, काठी उभी धरली, खाली पाहिलं आणि म्हणाले, "इतकी वर्षं इथं उभा आहे, कुणी सांगितलं नाही." त्या दिवसापासून आमचा धाकटा फाटकातून जाताना ते खुर्चीवरून उठतात.

गावाला जाणार असाल तर प्रवास खातं थोरल्या मुलाकडे द्यावं. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं, म्हणजे मेची तिकिटं मार्चमध्ये. ते आपल्याला मेमध्ये आठवतं आणि आपण एसटीने जातो. एसटीत हिशेबाचं उत्तम शिक्षण होतं. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट, २०२३च्या मार्चपासून बायकांना अर्धं, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२च्या ऑगस्टपासून प्रवास मोफत. आमच्या घरात पूर्ण तिकिटाचा मी एकटा. चिपळूणला जाताना थोरलीने कागदावर आकडे मांडले आणि बसमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आपला खर्च शंभर रुपये धरला, तर त्यातले चाळीस एकट्या बाबाचे आहेत." पुढच्या सीटवरच्या आजोबांनी वळून माझ्याकडे उधळ्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं. कुंभार्ली घाट सुरू होण्याआधी पिशव्या आणि आवळासुपारी ज्याला गाडी लागते त्याच्याच ताब्यात द्याव्यात. जबाबदारी अंगावर असली की पोटही जरा दबून राहतं.

वाचनाचं खातं असंच. "वाच" म्हणून कुणी वाचत नाही. घरातली पुस्तकं एका खोक्यात भरावी, आत फास्टर फेणे, गोट्या, बोक्या सातबंडे असावेत, आणि मुलाला ग्रंथपाल करून दंड वसूल करण्याचा अधिकार द्यावा. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. खोकं रिकामं झालं तर तिथून भर घालावी. ग्रंथपालाला सभासदांचे वाद मिटवण्यासाठी पुस्तकं वाचावीच लागतात. आमच्या ग्रंथपालाने आजीच्या हरिपाठावरही शिक्का मारला आणि परतीची तारीख लिहिली. आजीने मुदतवाढ घेतली.

आता भरती करणाऱ्यांसाठी काही सेवानियम. दोघांना एक खातं कधी देऊ नये. दर सोमवारी बदल्या कराव्यात, नाहीतर आंब्यांच्या खात्यात हितसंबंध तयार होतात. "कंटाळा आला" ही तक्रार तोंडी स्वीकारू नये. ती कागदावर, तारीख घालून, कारणांसह आणि ऱ्हस्व-दीर्घ तपासून द्यायला सांगावी. निम्म्या तक्रारी 'कारण' या शब्दाशीच निकालात निघतात. उरलेल्या अर्जाच्या पाठीमागे चित्र काढण्यात.

सर्वांत अवघड नियम मोठ्यांसाठी आहे: खातं दिलं की त्यात लुडबुड करायची नाही. माठ भरायला धाकट्याला अर्धा तास लागतो आणि निम्मं पाणी फरशीवर जातं. मी फडकं घेऊन उठलो, तर आईने मला हाताला धरून खाली बसवलं. "त्याचं खातं आहे. तो पुसेल." त्याने पुसलं. ज्या फडक्याने पुसलं ते माझा शर्ट होता, पण पुसलं. मुलं काम बिघडवतात म्हणून आपण ते काढून घेतो आणि मग दुपारभर "ही मुलं नुसती बसून असतात" म्हणून कुरकुरतो, हा या साऱ्या प्रकरणातला खरा विनोद आहे.

तेव्हा पालकहो, यंदा पत्रकांचा गठ्ठा रद्दीत घाला आणि सुट्टीच्या पहिल्याच सकाळी, प्रश्न यायच्या आत, नेमणुका जाहीर करून टाका. पगार खाण्याच्या रूपात द्या, हिशेब त्यांनाच ठेवू द्या, आणि साहेब घरात येताना उभं राहायची सवय करा. विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी राज्यापेक्षा आठवडा-पंधरा दिवस उशिरा उघडतात. तिथल्या पालकांनी दोन खाती जास्तीची काढून ठेवावीत.