पसंतीक्रम क्रमांक एक

मराठी घरात दहावीची परीक्षा एकटं पोर देतं आणि अकरावीचा फॉर्म सगळे मिळून भरतात. 2025 पासून राज्यभर अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले आणि फॉर्मात पसंतीची 10 कॉलेजं टाकायची सोय झाली. सरकारने हा आकडा घरातली माणसं मोजूनच ठरवला असावा. आई, बाबा, दोन आज्या, आजोबा, काका, मामा, क्लासचे सर, समोरच्या फ्लॅटमधल्या काकू. उरलीच एखादी जागा तर पोराची.

भाचीच्या फॉर्मला मला मामा म्हणून बोलावणं आलं. मामाचं पद सल्लागाराचं, म्हणजे चहा मिळतो, मत विचारत नाहीत. भाचीला 88 टक्के होते, आणि दाजी बातमी वाचत होते: राज्यात 211 मुलांना शंभर टक्के, त्यातली 113 लातूर विभागातली.

"आपण लातूरला घर घ्यायला हवं होतं," दाजी म्हणाले.

कला, खेळ यांचे वाढीव गुणही त्यात असतात, असं मी म्हणालो. त्यावर आजी म्हणाल्या, "हिचा चित्रकलेचा क्लास नववीत कोणी बंद केला रे? अभ्यास बुडतो म्हणून?" दाजींनी पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं.

भाचीला आर्ट्सला जायचं होतं. मानसशास्त्र आणि भूगोल घेऊन. हे ऐकून काकांनी ठेवणीतला प्रश्न काढला, "आर्ट्स करून करणार काय?" काका स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर आहेत आणि आयुष्यभर बँकेत नोकरी केली आहे. पाठोपाठ दुसरं वाक्य आलंच, "सायन्स घेतलं की सगळे दरवाजे उघडे राहतात."

यात तथ्य नाही असं नाही. बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री नसेल तर मेडिकल विसरायचं. पण जिला त्या दारातून जायचंच नाही, तिने दोन वर्षं ते उघडं धरून का उभं राहायचं? वारा येतो म्हणून?

2016 साली शिक्षण खात्याने दहावीच्या मुलांची कलचाचणी सुरू केली. तपासायचा होता आईबापांचा कल. सगळ्यांचा एकाच दिशेला निघाला असता आणि चार पेपर तपासून काम भागलं असतं.

ताईने मात्र त्या आठवड्यात नियम केला. या विषयावर बोलायचं ते शनिवारी सकाळी, एक तास. एरवी जेवताना टक्के नाहीत, कटऑफ नाही, "समोरच्यांची मुलगी बघ" तर अजिबात नाही. पहिल्याच रात्री पिठलं-भाकरी जेवताना पाच मिनिटं कोणालाच बोलायला काही सुचेना. मग आजोबांनी भूगोलातलं मोसमी वाऱ्यांचं काहीतरी विचारलं, आणि भाचीने ताटातल्या भाकरीच्या कडेने बोट फिरवत अरबी समुद्र, सह्याद्री, पर्जन्यछायेचा प्रदेश असं सगळं समजावलं. पिठलं दख्खनच्या पठारावर आलं. दाजी बघतच राहिले. इतकं सलग ती त्यांच्याशी वर्षभरात बोललेली नव्हती.

शनिवारी अट एवढीच होती की ज्याला विरोध करायचाय त्याने आधी बालभारतीचं अकरावीचं मानसशास्त्राचं पुस्तक चाळायचं. पुस्तक ऑनलाइन फुकट मिळतं, त्यामुळे सबब चालली नाही. काकांनी प्रस्तावनेवरच हात टेकले. दाजी मात्र रात्री अकरापर्यंत वाचत बसले आणि म्हणाले, "हे आमच्या साहेबांना शिकवलं पाहिजे."

पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून एक नंबर भाचीने भरला. खालच्या नऊ जागांवर आम्ही यथेच्छ भांडलो. आजींचा निकष एकच, बस बदलावी लागता कामा नये.

भाचीला तिचं पहिल्या पसंतीचं आर्ट्सचं कॉलेज मिळालं. काकांचा विरोध कायम आहे. तुमच्या घरी यंदा फॉर्म भरायचा असेल आणि कोणी "करणार काय?" असं विचारलंच, तर उत्तर द्यायच्या आधी विचारणाऱ्याची पदवी आणि नोकरी दोन्ही शेजारी शेजारी लिहून मागा.