आईने लोरेटाला मत दिलं, त्याची हकिगत

बेलव्ह्यू, नॅशव्हिल
12 ऑक्टोबर 2025

ती. आप्पांस,


परवा तुम्ही फोनवर विचारलंत, "ती बोलायला का येत नाही? बरं नाही का?" आई ठणठणीत आहे. त्या वेळी ती दिवाणखान्यात तुमच्या जावयांशी भांडत होती आणि भांडण अर्धवट टाकून फोनवर येणं तिला पळपुटेपणाचं वाटलं. सगळं फोनवरच सांगणार होते, पण तुम्ही ऐन रंगात "पाणी आलंय, ठेवतो" म्हणता. म्हणून हे पत्र.

भांडण कशावरून, तर कंट्री गाण्यांतली सगळ्यांत थोर बाई कोण, यावरून. आपल्याकडे 'कंट्री' म्हटलं की सरकारमान्य दुकान आणि त्याची लोखंडी जाळी डोळ्यांपुढे येते. आई शेजारच्या काकूंना "मी इथे रोज सकाळी कंट्री घेते" असं काही बोलली असेल तर तो घोटाळा तुम्हीच निस्तरा. इथे कंट्री म्हणजे गाणं. गिटार, फिडल, बँजो, आणि मधेच एक स्टील गिटार, जी हुंदका दिल्यासारखी वाजते. हे गाणं जिथे वाढलं त्या गुत्त्याला मात्र 'हाँकी टाँक'च म्हणतात, म्हणजे तुमची शंका अगदीच चुकीची नाही.

सुरुवात माझ्यामुळे झाली. जूनमध्ये आई आली तेव्हा सकाळी घरात कोणी नसायचं, तर तेवढाच माणसाचा आवाज म्हणून मी स्वयंपाकघरातला रेडिओ चालू ठेवून ऑफिसला जायची. जुनी गाणी लावणारं स्टेशन. पहिल्या आठवड्यात आई म्हणाली, "या बायका गातात का रडतात?" तिसऱ्या आठवड्यात लसूण सोलता सोलता म्हणाली, "ही कालची नव्हे. कालची नाकात गायची." जुलै संपेपर्यंत तिला आवाजावरून नावं ओळखता यायला लागली. मी विचारलं, "आई, तुला शब्द कळतात का?" तर म्हणे, "नवरा उशिरा आला एवढं कळलं. बाकी कळायचं काय राहिलं?"

माझं मत पॅट्सी क्लाइनला. व्हर्जिनियाची, 1932 सालची. 'क्रेझी' हे तिचं गाणं लिहिलं विली नेल्सनने, तेव्हा त्याला फारसं कोणी विचारत नव्हतं. 1961 च्या जूनमध्ये पॅट्सीला मोटारीचा भयंकर अपघात झाला, आणि ऑगस्टमध्ये ती कुबड्या घेऊन रेकॉर्डिंगला आली. बरगड्या दुखत होत्या, वरचे सूर लागेनात. तेव्हा नुसतं वाद्यांचं काम उरकून घेतलं आणि काही दिवसांनी येऊन ती गायली. ते तुम्ही एकदा ऐकाच. ती ठेक्याच्या केसभर मागे चालते. मागे पडत नाही हं, मागे चालते. सम दिसत असते, तबलजी वाट बघत असतो, आणि बाई सावकाश पदर सारखा करून येते. मार्च 1963 मध्ये विमान पडून ती गेली, तेव्हा जेमतेम तीस वर्षांची होती. आईला मी हे सगळं गहिवरून सांगितलं. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "गोड आहे. पण ही सगळी दुसऱ्यांची दुःखं गाते." त्यावर मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

तुमचे जावई डॉलीपंथी. डॉली पार्टन म्हणजे ती डोक्यावर सोनेरी मनोरा घातलेली, हे तुम्हाला माहीत असेल. टेनेसीच्या डोंगरातली, बारा भावंडांतली चौथी. तिच्या जन्माच्या वेळी डॉक्टरांना फी म्हणून मक्याच्या पिठाचं पोतं दिलं होतं. पण जावई पडले हिशेबातले, त्यांना गरिबीपेक्षा पुढचं आवडतं. डॉलीचं 'आय विल ऑलवेज लव्ह यू' 1974 मध्ये आलं. गायक पोर्टर वॅगनरच्या कार्यक्रमातून बाहेर पडताना त्याचा निरोप घ्यायला लिहिलेलं. ते एल्विस प्रेस्लीला गायचं होतं. त्याचे मॅनेजर कर्नल पार्कर म्हणाले, गाण्याच्या हक्कांतला अर्धा वाटा आमचा. डॉली रात्रभर रडली आणि सकाळी नाही म्हणाली. पुढे 1992 मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने 'द बॉडीगार्ड' सिनेमात ते गायलं आणि जगभर गाजलं, आणि हक्क सगळेच्या सगळे डॉलीकडे. इथपर्यंत आले की जावयांचा आवाज घोगरा होतो. ऑडिटमध्ये इतका भावुक झालेला माणूस मी पाहिलेला नाही.

शिवाय त्यांच्या हातात एक हुकूम आहे. तुमची नात लहान असताना दर महिन्याला पोस्टाने तिच्या नावावर पुस्तक यायचं, आठवतं? 2012 मध्ये तुम्ही आलात तेव्हा तुम्हीच ते पेटीतून काढून आणायचात आणि "कोण पाठवतं गं हे फुकट?" म्हणून संशयाने उलटंपालटं करून बघायचात. ते हीच बाई पाठवायची. तिच्या वडिलांना लिहितावाचता येत नव्हतं, म्हणून 1995 मध्ये तिने आपल्या तालुक्यातल्या मुलांसाठी हे सुरू केलं. आता जगभर मिळून वीस कोटींच्या वर पुस्तकं वाटून झालीत. आई हे ऐकून बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बाई मोठी आहे. पण थोर गायिका कोण हा प्रश्न आहे, थोर सरपंच कोण हा नव्हे."

मी मधे किटी वेल्सचं नाव काढून पाहिलं. 1952 मध्ये एका पुरुषाचं गाणं गाजत होतं, त्यात संसार सोडून दारूच्या अड्ड्यावर गेलेल्या बाईला दोष दिला होता. किटीने त्याला जवाब गायला, की अशा बायका देवाने नाही केल्या, पुरुषांनी केल्या. आपल्या सवाल-जवाबातला चोख जवाब. एका रेडिओने बंदी घातली तरी गाणं पहिल्या नंबरावर गेलं. कंट्रीच्या यादीत एकट्या बाईचं असं पहिलंच. आणि गाणारी कशी, तर चौकड्याचा सुती झगा घातलेली, तीन मुलांची साधी आई. आई चटकन म्हणाली, "म्हणजे सुलोचनाबाई!" मला हे सुचलं नव्हतं. डोक्यावरचा पदर ढळू न देता लावणी गाणाऱ्या सुलोचना चव्हाण, तसंच अगदी. टॅमी वाइनेटची फाइल मात्र लगेच बंद झाली. नवऱ्याची साथ सोडू नका म्हणून गाजलेलं गाणं गायली आणि स्वतः पाच लग्नं केली. फक्त एवढी मोठी झाल्यावरही केस कापायचं लायसन ती वेळच्या वेळी नवं करून घ्यायची, हे आईला फार पटलं. "गाण्याचं काय सांगावं, हातात एक काम असावं," हे आईचं वाक्य तुम्ही ओळखलं असेलच. मला गाण्याऐवजी बी. कॉम.ला घातलंत तेव्हाचं आहे.

आता लोरेटा लिन. आईचं दैवत. केंटकीतल्या बुचर हॉलरची, खाणकामगाराची मुलगी, आठ भावंडांतली दुसरी. पंधराव्या वर्षी लग्न, विशीच्या आसपास चार मुलं, पुढे आणखी जुळी. लग्न तेराव्या वर्षी झालं असं ती आयुष्यभर सांगायची. 2012 मध्ये जन्माचा दाखला निघाला, तेव्हा बाईने वय लपवल्याचं कळलं. जावयांना वाटलं, चला, सापडली खोटं बोलताना. आई शांतपणे म्हणाली, "माझं रेशनकार्डावरचं वय काय आहे विचारा यांना."

लोरेटाचा नवरा डू म्हणजे एक प्रकरणच होतं. पिणार, भानगडी करणार. आणि त्यानेच तिला सतरा डॉलरची गिटार आणून दिली. "तू चांगली गातेस," हे तिला आधी त्यानेच सांगितलं. 1960 मध्ये पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा दोघं गाडीतच झोपत, सँडविच खात, गावोगावच्या रेडिओ स्टेशनांवर ती रेकॉर्ड स्वतः नेऊन देत फिरली. मग तिने त्याच नवऱ्यावर गाणी लिहायला घेतली. तू पिऊन ये आणि वर लाडात ये, हे चालायचं नाही, अशा अर्थाचं तिचं गाणं 1967 मध्ये पहिल्या नंबरावर गेलं. 1975 मध्ये तर पाळणा थांबवायच्या गोळीवर गायली. कितीतरी स्टेशनांनी ते लावायचं नाकारलं. "लावणार कसे? बायका ऐकतील ना," इति आई. तिचं म्हणणं, जात्यावर बायका जे एकमेकींना सांगतात ते हिने माइकवर सांगितलं, एवढाच फरक.

तुमची नात या सगळ्यावर डोळे फिरवते. "तुम्ही लोक 1975 च्या पुढे येणार आहात का?" बियॉन्सेचा 'काउबॉय कार्टर' हा अल्बम तिने आजीला गाडीत पूर्ण ऐकवला. त्यात डॉलीचं 'जोलीन' नव्याने गायलंय आणि लिंडा मार्टेल या बाईंचा आवाज आहे. 1969 मध्ये ग्रँड ओल ऑप्री या इथल्या कंट्री गाण्यांच्या जुन्या रेडिओ कार्यक्रमात एकटीने गाणाऱ्या त्या पहिल्या काळ्या गायिका. एकच अल्बम निघाला आणि पुढे त्यांना कोणी विचारलंच नाही. नातीचा संताप खरा आहे. आई म्हणाली, "ठेका छान आहे," जी तिची नापास करायची पद्धत आहे. पण त्या रात्री तिने लिंडाबाईंचा तो जुना अल्बम लावायला सांगितला आणि दोनदा ऐकला.

एका बाबतीत मात्र आम्हां चौघांचं एकमत झालं. रेडिओवर दोन बायकांची गाणी लागोपाठ लावायची नाहीत, हा इथला जुना अलिखित रिवाज. 2015 मध्ये रेडिओवाल्यांच्या एका सल्लागाराने तर उघडच सांगितलं, की कंट्री रेडिओ म्हणजे सॅलड, त्यात पुरुष हे लेट्यूसचं पान आणि बायका म्हणजे टोमॅटो, अधूनमधून. केवढा गदारोळ झाला होता! आईला हे सांगितलं तेव्हा ती टोमॅटोच चिरत होती, दाण्याचं कूट घालून करते ना, तीच कोशिंबीर. सुरी थांबली. "या माणसाला एकदा जेवायला बोलाव," म्हणाली, "नुसता पाला वाढते."

आता मुख्य गोष्ट. ऑप्रीचं हे शंभरावं वर्ष, म्हणून गेल्या शनिवारी आईला तिथे नेलं. त्याआधी रायमन दाखवलं. 1892 ची प्रार्थनेची इमारत, अजून चर्चसारखी लाकडी बाकं आहेत. ऑप्री तिथे एकतीस वर्षं होती. 1974 मध्ये नव्या थिएटरात गेली तेव्हा जुन्या रंगमंचाचा सहा फुटी लाकडी गोल कापून नव्या रंगमंचाच्या मधोमध बसवला. गायचं ते त्या गोलात उभं राहून. पॅट्सी, लोरेटा, डॉली, सगळ्या त्या फळ्यांवर उभ्या राहिलेल्या. थिएटर दाखवायला नेतात तेव्हा आपल्यालाही फोटोपुरतं उभं राहू देतात.

आईची पाळी आली. तिने आधी चपला काढल्या. दाखवणारी मुलगी गडबडली, "मॅम, गरज नाही." आईने ऐकलं नाही. गोलाला हात लावून कपाळाला लावला आणि मधोमध उभी राहिली. मी फोन धरून, "आई, हस." ती हसली नाही. खाली मोकळ्या खुर्च्यांकडे बघितलं, घसा साफ केला आणि गायला लागली. नाट्यपद, आप्पा. सांगलीची बाई दुसरं काय गाणार. दोनच ओळी आणि एक छोटीशी तान, ती शेवटी थोडी घसरली. पाठीमागे रांगेत टोपीवाले अलाबामाचे की कुठले आजोबा होते, त्यांनी टोपी काढून छातीशी धरली. माझा व्हिडिओ निघालाच नाही, बोट भलतीकडे पडलं. आईला मी एकटी बसून गाताना शेवटची कधी ऐकली, हे गाडी चालवताना मी आठवत होते. मला आठवेना.

परतताना तीच म्हणाली, की लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला तुम्ही मिरजेहून पेटी आणून दिली होतीत. साडेचारशे रुपये, दोन महिन्यांची बचत. "तू गा, मी ऐकतो," म्हणाला होतात. मग दादा झाला, मी झाले, आजी अंथरुणाला खिळली आणि तुम्हाला क्लबात रमीचा नाद लागला. पेटी माळ्यावर गेली. तक्रारीच्या सुरात नाही सांगितलं तिने. उलट म्हणाली, "डूने गिटार आणली आणि मागे लागला. यांनी पेटी आणली आणि मागे लागायचं विसरले. माणूस वाईट नाही."

आज दुपारी मतदान घेतलं. चार चिठ्ठ्या, स्टीलचा डबा. पॅट्सी एक, डॉली एक, लोरेटा एक, लिंडा मार्टेल एक. सगळ्यांचीच डिपॉझिटं जप्त. फेरमतदान दिवाळीच्या फराळानंतर. जावयांनी चकलीच्या भाजणीची तारीफ सुरू केली आहे, आई बधेलसं वाटत नाही.

तुम्ही जपून राहा. गुडघ्याला तेल लावता का? खाली आईने चार ओळी लिहिल्या आहेत, मी वाचलेल्या नाहीत असं तिला सांगितलंय.

तुमची,
लेक

*माळ्यावरची पेटी उतरवून ठेवा. आधी पापडाचे डबे काढा, नाहीतर डोक्यावर येतील. भाता उंदरांनी कुरतडला असेल तर मिरजेला टाका, आठ दिवसांत देतात. मी 9 डिसेंबरला पोचते. क्लबात सांगून ठेवा.*