बाटलीने मध्ये पडू नये

रसायनं ठेवायच्या बाटल्या ज्यांच्या डोक्यातून निघतात, त्या माणसांविषयी मला फार दिवसांपासून कुतूहल आहे. सकाळी डबा घेऊन कामावर जायचं आणि संध्याकाळपर्यंत एका बुचाचा उतार किती असावा यावर डोकं खपवायचं. घरी कोणी विचारलं, ‘आज काय केलंत?’ तर सांगणार काय? पण हा उद्योग वाटतो तितका नीरस नाही. ही माणसं मुळात स्वभाव ओळखणारी. सिल्व्हर नायट्रेटला उजेड सोसत नाही, म्हणून त्याला तपकिरी काचेआड पडद्यात ठेवावं लागतं. सोडियमला हवा चालत नाही आणि पाणी तर मुळीच नाही, म्हणून तो रॉकेलमध्ये बुडी मारून बसतो. पांढऱ्या फॉस्फरसचं नेमकं उलट. तो हवेत पेट घेतो आणि पाण्याखाली साधूसारखा शांत असतो. कॉस्टिक सोड्याच्या बाटलीला काचेचं घासलेलं बूच लावलं, तर काही दिवसांनी बूच आणि बाटलीची मान यांची अशी मिठी बसते की सोडवणाऱ्याच्या हातात बहुधा तुकडेच येतात. सोडा काचेतली सिलिका जराजरा विरघळवत असतो आणि त्यातून होणारं सोडियम सिलिकेट मधल्या फटीत चिकटून घट्ट बसतं. त्याला आपलं रबरी बूच बरं. हायड्रोफ्लोरिक आम्लाची तर गोष्टच निराळी, ते काचच खातं. पूर्वी त्याला आतून मेण लावलेल्या बाटल्यांत ठेवत, आता पॉलिथिनच्या बाटलीत ठेवतात. ज्या आम्लापुढे काचेची धडगत नाही, ते भाजीवाल्याच्या पिशवीच्या गोत्रातल्या प्लॅस्टिकसमोर मान खाली घालून उभं राहतं. मोठमोठ्यांना कोण नमवेल याचा काही नेम नसतो.

या सगळ्या खटाटोपामागे बाटलीकडून अपेक्षा मात्र एकच, तिने मध्ये पडू नये. आत जे आहे ते जसं ठेवलं तसं राहावं, आणि बाटलीने आपलं म्हणून त्यात काही घालू नये. ऐकायला सोपं आहे. पण ज्यांनी कधी दोघांच्या भांडणात शेजारी बसून तटस्थ राहून पाहिलं असेल, त्यांना याचं अवघडपण कळेल. काच दिसते तितकी निर्लेप नाही, हे उघड करणारा एक फार देखणा प्रयोग पॅरिसमध्ये झाला होता. पाणी बराच काळ उकळत ठेवलं तर त्याची थोडी माती होते, असं त्या काळी पुष्कळ शहाण्या लोकांना वाटे. कारण उकळून उकळून अखेरीस भांड्याच्या तळाशी थोडा गाळ खरोखरच सापडायचा. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने १७६८ च्या शरदात पेलिकन नावाचं काचेचं पात्र घेतलं. त्या पक्ष्याने चोच छातीला लावावी तशा त्याच्या नळ्या वळून पुन्हा पोटात शिरतात. वर गेलेली वाफ थंड होऊन परत खाली येते, बाहेर काही जात नाही. त्यात पाणी घालून, तोंड बंद करून त्याने ते १०१ दिवस तापवलं. शेवटी वजनं केली. एकंदर वजन होतं तेवढंच होतं, पाण्याचंही घटलं नव्हतं. घटलं होतं ते पात्राचं, आणि गाळ भरला तो जवळजवळ त्या घटीइतकाच. म्हणजे पाण्याची माती झालेलीच नव्हती. काचच गुपचूप विरघळत होती आणि आळ पाण्यावर येत होता. त्या पाण्याची बाजू घ्यायला कोणीतरी शंभर दिवस तराजू सांभाळत बसला, याचं मला राहून राहून बरं वाटतं.

काचेची दुसरी खोड म्हणजे तिचा तापटपणा. आमच्या लहानपणी घरात कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील असे. वीज आलेली होती, पण तिच्या येण्यापेक्षा जाण्यावर घराची भिस्त अधिक. पावसाळ्यात कंदील ओसरीवर टांगला की आजीचा एकच घोष, ‘थेंब पडू देऊ नका रे काचेवर.’ तापलेल्या काचेवर पागोळीचा एक थेंब उडाला की चट्‌ असा बारीक आवाज येई आणि काचेवर एक रेघ उमटे, नदीचा नकाशा काढावा तशी. जिथे थेंब पडतो तिथली काच चटकन आकसते, शेजारची फुगलेलीच असते, आणि त्या ओढाताणीत ती फुटते. हीच ओढाताण दूरदेशी रेल्वेच्या सिग्नलच्या कंदिलांना आणि गॅसच्या दिव्यांना छळत होती. जर्मनीत येना इथे ऑटो शॉटने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काचेत बोरॉनचं ऑक्साइड मिसळून तिचा स्वभाव निवळवला. सोनाराच्या टाकणखारात आणि कॅरमच्या पटावर भुरभुरायच्या बोरिक पावडरीत जे बोरॉन असतं तेच. अशी काच तापली तर साध्या काचेच्या साधारण तिसऱ्या हिश्शानेच प्रसरण पावते. अमेरिकेत कॉर्निंगच्या कारखान्यातही असाच शोध चालू होता. तिथल्या जेसी लिटलटन या भौतिकशास्त्रज्ञाने १९१३ मध्ये बॅटरीसाठी केलेल्या काचेच्या दोन बरण्यांचे तळ कापून घरी नेले आणि त्यांच्या पत्नीने, बेसीबाईंनी, त्यात केक भाजला. केक नीट भाजला गेला, भांडं शाबूत राहिलं, आणि दोनच वर्षांनी पायरेक्स बाजारात आलं. प्रयोगशाळेतली जी चंचुपात्रं आपण इतक्या गंभीरपणे हाताळतो, त्यांच्या मागच्या पिढीत रेल्वेचा एक कंदील आणि एक केक आहे. १९६२ साली मुंबईत बोरोसिल सुरू झालं तेही या कॉर्निंगच्या सहकार्यानेच, त्यामुळे माझ्या कॉलेजातल्या फ्लास्कांची वंशावळ तिथवर सहज पोचते.

ठेवणं झालं, आता मिसळणं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल एर्लेनमायर याने १८६० च्या सुमारास जो फ्लास्क रूढ केला, त्याला आपण शंकुपात्र म्हणतो. खाली ऐसपैस, वर निमुळता, मग उभी मान. या आकाराचं मर्म कळायला तो हातात धरून फिरवावा लागतो. टायट्रेशन करताना डावा हात ब्युरेटच्या तोटीवर, उजव्या हातात फ्लास्कची मान आणि मनगटाला एक संथ गिरकी. चंचुपात्रात असं केलं तर निम्मं टेबलावर येईल. इथे द्रव उसळून भिंतीवर चढतो, भिंत आत कलत जाते, आणि तो मुकाट खाली उतरतो. पडता पडता फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी ढग उमटतो, गिरकीसरशी विरतो, पुन्हा उमटतो, आणि एका थेंबाला विरायचं विसरतो. तो शेवटचा गुलाबी इतका फिका असावा लागतो की आहे की नाही याविषयी वाद व्हावा. आम्ही फ्लास्कखाली पांढरा कागद धरून तो वाद घालत असू. आमचे डेमॉन्स्ट्रेटर लांबूनच म्हणत, ‘गुलाब झाला, आता सरबत करू नका.’

पण माझा जीव जडला तो किपच्या उपकरणावर. एकावर एक ठेवलेले काचेचे तीन गोल, जेवण झाल्यावर लोडाला टेकलेल्या गृहस्थासारखं ऐसपैस ध्यान. मधल्या गोलात आयर्न सल्फाइडचे काळे खडे. वरच्या गोलात आम्ल ओतलं की ते लांब नळीतून थेट खालच्या गोलात उतरतं, तो भरला की मधल्यात चढतं, खड्यांना भेटतं आणि वायू सुटतो. तोटी उघडी असेपर्यंत हे चालतं. तोटी बंद केली की खरी गंमत सुरू होते. वायूला वाट नाही, तो साचतो आणि आपल्याच दाबाने आम्लाला खाली रेटतो. आम्ल खालून नळीवाटे वर जाऊन बसतं, खडे कोरडे पडतात, आणि सगळं आपोआप थांबतं. म्हणजे हवं तेव्हाच भेटायचं आणि नको तेव्हा आपापल्या खोलीत जायचं, कोणी कोणाला हाकललं असं वाटू न देता. एकत्र कुटुंबं चालवणाऱ्यांनी निदान एकदा तरी याचं दर्शन घ्यायला हवं होतं. १८४४ साली डेल्फ्टमधल्या पेट्रुस याकोबुस किप नावाच्या औषधविक्रेत्याने हे घडवलं. त्याच्या नावाची पेढी पुढे ऊन मोजण्याच्या उपकरणांसाठी नावारूपाला आली, आणि मला तो प्रवास साजेसा वाटतो, कारण त्याच्या पहिल्या अपत्याचा वास अगदी उलट दिशेचा होता. हायड्रोजन सल्फाइड म्हणजे सडक्या अंड्यांचा वास. सॉल्ट ॲनालिसिसमध्ये धातूंचा ‘दुसरा ग्रुप’ याच वायूने ओळखायचा, आणि त्या दिवशी आम्ही घरी जायला बसमध्ये चढलो की आमच्या आजूबाजूची बाकं हळूहळू मोकळी होत. कंडक्टर मात्र जाणता होता. तिकीट फाडत म्हणायचा, ‘आज दुसरा ग्रुप होता वाटतं?’ प्रयोगशाळेतले मामा रोज सकाळी किपची तोटी उघडून, एक बुडबुडा येऊ देऊन, पुन्हा बंद करत. उठलाय की नाही ते पाहिलं, म्हणत.

हल्ली किप अडगळीत गेला, पण त्याची कल्पना गेलेली नाही. दोन गोष्टी शेजारी ठेवायच्या आणि वेळ येईपर्यंत भेटू द्यायच्या नाहीत, याच युक्तीवर पुष्कळ काही चाललं आहे. लहान मुलांच्या अँटिबायोटिकची ती पावडरीची बाटली घ्या. उकळून थंड केलेलं पाणी रेघेपर्यंत घाला, चांगलं हलवा, आणि साधारण आठवड्यात संपवा. पाण्यात पडलं की त्या औषधाचे दिवस भरू लागतात, म्हणून ते शेवटच्या घटकेपर्यंत कोरडं ठेवलेलं असतं. ‘निम्मी बाटली रिकामीच दिलीय मेल्यांनी,’ असं आमच्या शेजारच्या काकू दर वेळी म्हणत. वास्तविक ती रिकामी जागाच त्या बाटलीतला सगळ्यात विचारपूर्वक घातलेला पदार्थ. ती नसती तर हलवून काहीच हललं नसतं. गोव्यात मोलबायो कंपनीने क्षयाच्या तपासणीसाठी ट्रूनॅट काढलं, त्यातही हेच शहाणपण आहे. अभिक्रियेचं सगळं सामान गोठवून वाळवून इवल्याशा नळीत बसवलेलं. मग ते सदा बर्फात जपावं लागत नाही, जिथे विजेचा भरवसा नाही अशा आरोग्य केंद्रातही टिकतं. रुग्णाच्या नमुन्यातून काढलेला द्राव थेंबाच्याही अंशाएवढा त्यात सोडायचा, आणि तो नितळ दिसेपर्यंत जरा थांबायचं.

इतक्या लहान जगात मिसळणं हेच मुळी कठीण होऊन बसतं, ही मला कळलेली सगळ्यात मजेची गोष्ट. केसाएवढ्या वाटेतून दोन द्रव सोडले तर ते एकमेकांत शिरत नाहीत. प्रवाहात खळखळ नसते, भोवरा नसतो. दोघे कार्यालयातल्या वरपक्ष आणि वधूपक्षासारखे आपापल्या बाजूने, शिस्तीत, नजर समोर ठेवून चालत राहतात. जी काही ओळख होते ती सीमेवरच्या एखाद्या आत्याबाईंमुळे, तीही फार हळू. यावर २००२ साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी तोडगा काढला. वाटेच्या तळाला माशाच्या काट्यासारख्या तिरप्या खाचा कोरल्या, आणि त्यांची टोकं आळीपाळीने या बाजूला, त्या बाजूला सरकवली. प्रवाह खाचांवरून जाताना वळतो, घडी पडते, घडीवर घडी पडते, आणि थोड्याच अंतरात दोन्ही पक्ष असे मिसळून जातात की कोण कुणाकडचं ते ओळखू येऊ नये. पंगतीला पाटांची मांडणी करणाऱ्या जुन्या माणसांना हे ठाऊक असावं, असा मला दाट संशय आहे.

परवा रक्त तपासायला गेलो होतो. वय वाढलं की माणूस स्वतःच एक नमुना होतो, त्याची आता सवय झाली आहे. रक्त घेणारी मुलगी तरुण, हाताला हलकी. तिच्या ट्रेमध्ये रंगीत टोप्यांच्या नळ्या ओळीने उभ्या होत्या. या नळ्यांत हवा आधीच काढून घेतलेली असते, त्यामुळे रक्त आपणहून, आणि जेवढं हवं तेवढंच, आत ओढलं जातं. १९४० च्या दशकात जोसेफ क्लायनर नावाच्या माणसाला ही सुचलेली गोष्ट. जांभळ्या टोपीच्या नळीच्या आतल्या भिंतीवर रक्त गोठू न देणारं ईडीटीए आधीच फवारून वाळवलेलं असतं. निळ्या टोपीत सायट्रेट असतं, आणि तिथे रक्ताचे नऊ भाग असतील तर त्याचा एकच असावा लागतो, कमीजास्त खपत नाही. सुई निघाली, कापूस दाबला गेला, आणि ती मुलगी जांभळी नळी दोन बोटांत धरून उलटी, सुलटी, उलटी, सुलटी करू लागली. घाई नाही, हिसका नाही. आठ-दहा वेळा. आतला हवेचा बुडबुडा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सावकाश जात होता आणि माझं रक्त त्याला वाट करून देत होतं. एवढ्या मायेने मला बऱ्याच वर्षांत कोणी वागवलेलं नव्हतं.

‘जोरात हलवलंत तर लवकर नाही का होणार?’ मी विचारलं.

‘होईल ना काका,’ ती नळीवरची नजर न काढता म्हणाली. ‘पण मग आतल्या पेशी फुटतील, आणि तुम्हाला दुसरा हात पुढे करावा लागेल.’

मी दुसरा हात खिशात घातला.