िवषय : सोबतची फाईल उघडत नाही

नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला १ जानेवारी १९९२ रोजी. त्याच वर्षी ११ मार्चला तिकडे अमेरिकेत संगणकतज्ज्ञ नेथॅनियल बोरेनस्टाइन यांनी आपल्या गायक-चौकडीचा फोटो आणि गाणं ईमेलला जोडून धाडलं. ईमेल मुळात सात बिटांच्या इंग्रजी अक्षरांसाठी जन्मलेला. त्यातून फोटो, गाणं, मराठी असला ऐवज न सांडता न्यायची युक्ती त्यांनी नेड फ्रीड यांच्या जोडीने बसवली. तिचं नाव ‘माइम’. म्हणजे आमची महापालिका आणि हे जोडपत्र एकाच इयत्तेतले. पैकी महापालिका पाम बीच रस्त्यावरच्या घुमटाच्या मुख्यालयात जाऊन बसलीसुद्धा. जोडपत्र मात्र नेरूळला लोकलमध्ये चढलं की सीवूड्सपर्यंत धड असतं, बेलापूरला उतरेतो त्याचा पार चुथडा झालेला असतो.

सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेची नोटीस घ्या. सीबीडी बेलापूरमधल्या टायपिंगवाल्याने ती कृतिदेव फॉन्टमध्ये झकास टाईप केली. सेक्रेटरीकाकूंनी ईमेलला जोडली. सभासदांनी मोबाईलवर उघडली, तर ‘मराठी’च्या जागी ई, जे, के, बी, एच अशी इंग्रजी अक्षरं, आणि ‘नवी’च्या जागी यू, ओ, एच. सोसायटीच्या ग्रुपवर लगेच इशारे झळकले: हॅक झालंय, कोणी उघडू नका, बँकेचा पासवर्ड बदला. पुनर्विकासाला विरोध असलेल्यांनी यात बिल्डरचा हात पाहिला.

बिल्डर बिचारा या एका पापातून मुक्त आहे. कृतिदेवच्या फाईलमध्ये ‘म’ नसतोच. संगणकाच्या लेखी तिथे इंग्रजी ‘ई’ बसलेली असते, फॉन्ट तिला ‘म’चा सदरा चढवतो, एवढंच. माइम त्या ईला इमानेइतबारे पोचवतो. सदरा सीबीडीतच खुंटीला राहतो. श्रीलिपी, शिवाजी वगैरे मंडळींचंही हेच, फक्त प्रत्येकाची वाटणी निराळी. त्यामुळे एकाची फाईल दुसऱ्याच्या फॉन्टात उघडली, तर समोर येतं ते मराठीही नसतं आणि इंग्रजीही.

आता उपचार. टायपिंगवाल्याला फोन केला की पहिलं उत्तर ठरलेलं: “काकू, फॉन्ट टाकून घ्यायला सांगा ना त्यांना.” म्हणजे साठ सभासदांनी नोटीस वाचण्याआधी आपापल्या मोबाईलमध्ये सीबीडीचा फॉन्ट बसवायचा. दुसरा उपचार पीडीएफ. फॉन्ट आत गुंफून पीडीएफ केली तर ती दिसते देखणी, पण त्यातला मजकूर कॉपी करा की पुन्हा यू, ओ, एच. तिसरा उपचार, मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे ‘म’ला ‘म’ म्हणूनच साठवणाऱ्या जागतिक प्रमाणात, नेणारा फुकटचा कन्व्हर्टर. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात. कन्व्हर्टरला हे ठाऊक नसेल तर ‘िवषय’, ‘िनिवदा’, ‘िसडको’ अशी मराठी तयार होते, जिच्यात वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन टोकन घेऊन उभी असते.

शेवटी रामबाण: प्रिंट काढा, सही-शिक्का मारा, स्कॅन करा, पाठवा. इथे माइमची खरी गंमत कळते. फाईल ईमेलमधून नेताना तो बहुधा तिच्या दर तीन बाइटांची चार अक्षरं करतो, म्हणजे वजन एक तृतीयांशाने वाढतं. समोरच्या सर्व्हरची मर्यादा १० एमबी असेल, तर तुमचं ८ एमबीचं स्कॅन साडेदहाच्या वर जातं आणि परत येतं. काकू म्हणतात, “अहो, आठचंच तर आहे!” सर्व्हरला हे कोण सांगणार? तोच मजकूर साध्या युनिकोडमध्ये, अक्षरागणिक तीन बाइट धरून, पानाला फार तर सहा-सात केबी भरला असता.

यावर उतारा म्हणून नोटिशीचा मोबाईलने फोटो काढला जातो. कोपऱ्यात चहाचा कप, कडेला अंगठा. सोसायटीच्या वकिलांना त्यात तारीख बदलायची असते, म्हणून त्यांचा कारकून फोटो बघून सगळं परत टाईप करतो. श्रीलिपीत. येरे माझ्या मागल्या.

मधूनच एखाद्या मोठ्या कंपनीतल्या सभासदाकडून विनमेल.डॅट नावाचा प्राणी येतो. तो व्हायरस नव्हे. आउटलुकने रिच टेक्स्टमध्ये बांधलेलं गाठोडं आहे, जे इतरांना सुटत नाही. पाठवणाऱ्याने साधा मजकूर किंवा एचटीएमएल निवडलं की प्रश्न मिटतो. पण तो सभासद आयटीत असल्यामुळे त्याला हे सांगायला कोणी धजत नाही.

आणि हे सगळं चालतं कुठे? त्याच शहरात, जिथे ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरांच्या बिनखिडक्यांच्या इमारती जगभराचा डेटा सांभाळत रात्रंदिवस घुमतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

युनिकोडमध्ये देवनागरी पहिल्या आवृत्तीपासून आहे, १९९१ पासून. विंडोज २००० ने ‘मंगल’ फॉन्ट सोबतच दिला. टायपिंगवाल्यांची तक्रार एकच ऐकू येते: “बोटांना रेमिंग्टनची सवय आहे.” तर रेमिंग्टन टाइपरायटरची मांडणी युनिकोडमध्येही मिळते, बोटं तीच, कळा त्याच, फक्त आत खरा ‘म’ बसतो. मग घोडं अडतं पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्रामपाशी. त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची, युनिकोड त्याला आयुष्यात कळलं नाही, पण पत्रिका, अहवाल, नोटिसा अजून त्याच्याच पदरात. कंपनीने त्याला केव्हाच निवृत्त केलं. आपण मुदतवाढ देत आहोत.

माझी महापालिकेला नम्र सूचना आहे की एक वेलांटी पुनर्वसन कक्ष उघडावा. विस्थापितांना त्यांच्या मूळ अक्षराशेजारीच जागा मिळावी, सिडकोच्या प्रकल्पग्रस्तांसारखा साडेबारा टक्के जमिनीचा हिशेब नको. तोवर काकूंनी टायपिंगवाल्याला शेवटचं विचारून पाहिलं, की बाबा, युनिकोडमध्ये टाईप करून देशील का?

“देतो की,” तो म्हणाला. “पण मग लोक घरीच दुरुस्त्या करतात, परत येत नाहीत. म्हणून त्याचा दर दुप्पट आहे.”