पातेलं नाही

रेडिंग, इंग्लंड

ती. आई-बाबांस,

पत्रास कारण की, नव्या घरात गॅस नाही.

शेगडीच्या जागी काळी गुळगुळीत काच आहे, इंडक्शनची. पहिल्या सकाळी तिच्यावर मी, आई, तू दिलेलं जर्मनचं चहाचं पातेलं ठेवलं. काचेने दोनदा पिकपिक केलं आणि पातेलं नाही म्हणून कळवलं. पंधरा वर्षं रोज दोन वेळा चहा केलेलं, पोचे आलेलं पातेलं समोर बसलंय आणि ही बया म्हणते, नाहीच! तुमच्या जावयांनी शांतपणे सांगितलं की चुंबक चिकटेल तेच भांडं हिला चालतं. हे त्यांना घर बघायला आलो तेव्हाच ठाऊक होतं.

तेव्हापासून घरात पाणी उकळण्याचे तीन पंथ झालेत.

आमच्या चिनूचा पंथ विजेच्या किटलीचा. बाबा, तीन किलोवॅटची आहे! लिटरभर पाणी दोन-अडीच मिनिटांत खळखळतं आणि किटली आपली आपण बंद होते. परवा चिनूने झाकण उघडं टाकून ती लावली, तर थांबेचना. खिडकीला घाम, भिंतीला घाम. मग कळलं, पाणी उकळलेलं तिला कळतच नाही, वाफ कळते. वाफ आतल्या वाटेने दोन धातूंच्या एका चकतीपाशी जाते, चकती तापून टचकन उलटी वाकते आणि बटण पडतं. झाकण उघडं असलं की वाफ छताला जाते, चकती बसते वाट बघत. तुम्ही इथे असतात तर एव्हाना ती किटली सुटी होऊन वर्तमानपत्रावर पसरली असती.

तुमच्यासाठी आणखी एक. 4 जुलै 1990 ला फुटबॉलच्या विश्वचषकात, उपांत्य सामन्यात इंग्लंड पश्चिम जर्मनीकडून पेनल्टीवर हरलं. सामना संपला, माणसं उठली आणि किटल्या लागल्या. विजेची मागणी एकदम 2800 मेगावॅटने चढली. आपलं अख्खं कोयना वीजकेंद्र 1960 मेगावॅटचं! तुम्ही पोफळीला जन्मभर रात्रपाळ्या केल्यात आणि यांना एका पराभवाचं दुःख गिळायला जवळजवळ दीड कोयना लागलं. अशा अचानक मागणीसाठी वेल्समध्ये डिनॉर्विगला, कोयनेसारखंच डोंगराच्या पोटात, केंद्र बांधलंय. रात्री पाणी वरच्या तळ्यात चढवून ठेवायचं, गरज पडली की सोडायचं. तुम्ही आलात की नेऊ.

इथलं पाणी मात्र जड. पंधरा दिवसांत किटलीच्या बुडाला पांढरी खपली धरते, म्हणून मी तिच्यात व्हिनेगर घालून ठेवते. एकदा ओतायचं राहिलं आणि जावयांनी त्याच पाण्याचा चहा केला. दूध घातलं, लगेच फाटलं. त्यांनी दूधवाल्याला नावं ठेवली, मी गप्प बसले. त्या दिवसापासून किटलीवरचा त्यांचा विश्वास उडाला आणि ते मायक्रोवेव्हपंथी झाले.

तो पंथ आणखी वाईट. गुळगुळीत कपात पाणी शंभराच्या वर तापलं तरी कधीकधी बुडबुडा म्हणून येत नाही. शांत, साधूसारखं. चहाची पुडी टाकली की भस्सकन अंगावर! आई, काळजी करू नकोस, फोड आला नाही. आता ते आधी कपात लाकडी चमचा ठेवतात, आणि कप बाहेर काढताना घरात कुणी बोलायचं नाही.

राहिला माझा पंथ, म्हणजे आई, तुझा. आलं ठेचून आधी पाण्यात उकळायचं, दुधाआधी, नाहीतर दूध नासतं. हे सगळं सध्या मी स्टीलच्या कुकरात करते. कुकराला काल वरणाची हिंग-फोडणी झालेली असते, ती आज चहाला लागते. ओताना निम्मा ओट्यावर. गेल्या रविवारी शेजारच्या आजी आल्या होत्या. पूड, साखर, दूध एकत्र रटरटताना त्यांनी पाच मिनिटं सोसलं. मग हळूच उठल्या आणि बटण बंद केलं. बिचारीला वाटलं, मी चहा चुलीवर विसरले! प्याल्या मात्र दोन कप, हिंगासकट.

तेव्हा मे महिन्यात येताना एक पातेलं आणा. स्टीलचं, सपाट जाड बुडाचं, दीड लिटरचं, काठाला सांडशी बसेल असं. इथे मिळतात त्यांना लांब दांडे असतात, आणि सांडश्या मी तीन घेऊन आलेय.

तुमची,
बेबी

ता. क. बाबा, भांड्यांच्या दुकानात जाताना फ्रीजवरचं गणपतीचं चुंबक खिशात घेऊन जा आणि बुडाला लावून बघा. दुकानदार हसला तर हसू दे. चिकटलं नाही तर घेऊ नका.