वर्गमित्र शोधण्याची पद्धत

शालेय स्नेहमेळावा दहावीनंतर तीसेक वर्षांनी उद्भवतो. त्याची पहिली अवस्था व्हॉट्सॲप ग्रुपची. आरंभी ग्रुपमध्ये दोघेच असतात आणि दोघेही ॲडमिन असतात. तिसरा आला की ग्रुपच्या नावावरून वाद सुरू होतो.

छत्रपती संभाजीनगरात हा वाद अंमळ लांबतो, कारण नाव बदलण्याची या गावाची सवय जुनी आहे. मलिक अंबरने १६१० साली वसवली तेव्हा ही खडकी होती. १६२६ मध्ये त्याच्या मुलाने, फतेहखानाने, तिचे फतेहनगर केले. १६५३ मध्ये दख्खनच्या सुभेदारीवर आलेल्या औरंगजेबाने औरंगाबाद केले आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. चारशे वर्षांत चार नावे. ग्रुपला एवढी पहिल्याच आठवड्यात लागतात. दाखल्यावरचे गाव वेगळे, आधारवरचे वेगळे आणि अमेरिकेत गेलेल्यांच्या तोंडी तर अजून ‘आपलं गुलमंडी’. अखेर ‘सोनेरी दिवस’ या निरुपद्रवी नावावर तडजोड होते व त्यापुढे तीन गुलाब लावले जातात. (मलिक अंबरने नहरींनी गावात पाणी खेळवले होते. आता नळाला किती दिवसांनी पाणी येते, हा विषय मात्र ग्रुपवर काढू नये. वर्गणी मागे पडते.)

मुलींचा शोध अवघड समजला जातो. हजेरीपटावर माहेरचे आडनाव, फेसबुकवर सासरचे आणि डीपीला नातू. प्रत्यक्षात एक सापडली की तिच्यामागोमाग सहा जणी येतात, कारण त्यांचा आपसातला संपर्क कधी तुटलेलाच नसतो.

यानंतर डीपी बदलण्याची अवस्था येते. प्रस्तुत लेखकाने बीबी का मकबऱ्यासमोरचा फोटो निवडला आहे. त्यात चारही मिनार आले असून पोट चौकटीबाहेर राहिले आहे. केसांचा रंग कलप कंपनीचा आहे, हे ग्रुपवर सर्वांना ठाऊक असते. तरी ‘अरे, तू तर तसाच आहेस!’ असे लिहिण्याची पद्धत आहे. लिहिणाऱ्याचाही फोटो जुनाच असतो.

हुशारीची गणितेही याच काळात कोलमडतात. ‘अ’ तुकडी कार्यक्रमाची रूपरेषा ठरवते, तीन वेळा दुरुस्त करते आणि सूत्रसंचालनावरून रुसते. बीड बायपासवरचे लॉन मात्र ‘क’ तुकडीतला प्लॉटिंगवाला देतो, तेही फुकट.

गुरुजनांना निमंत्रण देण्याचे काम लेखकाने आपणहून मागून घेतले. शालेय निबंधस्पर्धेतील पहिले बक्षीस सरांना आठवत असणार, हा त्यामागचा हिशेब. सरांनी फोन उचलला.

“कोण? काच फोडलेला का रे तू?”

“नाही सर, तो ‘क’मधला. मी निबंधवाला.”

“असं होय. बरं, तो कसा आहे?”

तो कसा आहे, हे कोणालाच माहीत नव्हते. तो ग्रुपवर नव्हता. कोणी शोधलेही नव्हते. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि पाठोपाठ तिथे लहानमोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या. नववीत नापास झाल्यावर तो त्यातल्याच एकीत हेल्पर म्हणून चिकटला होता. ‘दहावीची बॅच’ म्हटले की असे सगळे आपोआप गळतात. पाचवीपासून ज्याच्या डब्यातले शेंगदाण्याचे कूट ‘अ’ तुकडीने खाल्ले, तो एका निकालपत्रकाने वर्गमित्र राहत नाही. हा प्रकार विनोदी नाही. संताप आणणारा आहे.

तेव्हा यादी करणाऱ्यांनी दहावीचा निकाल बाजूला ठेवून आठवीचा हजेरीपट काढावा, आणि त्यातला एकेक जण शोधावा. वर्गणी सर्वांकडून सारखीच घ्यावी. काच फोडणाऱ्याला सवलत देऊ नये आणि निबंधवाल्याला भाषण देऊ नये.