आधी तू थांब

व्यायाम सुरू करायला किंवा सोडायला मी आजवर कोणाची मदत घेतलेली नाही. सायकल घेतली, तिच्यावर आज टॉवेल वाळतात. जिमची वर्षाची फी एकरकमी भरली आणि नऊ दिवस गेलो. घामाच्या एकेका थेंबाला जो भाव पडला, त्यात केशर आलं असतं. पर्वतीच्या 103 पायऱ्या तर रोज माझ्या नजरेसमोर असतात, कारण आमच्या गॅलरीतून पर्वती दिसते. या सगळ्या मोहिमा मी एकट्याने आखल्या आणि एकट्याने गुंडाळल्या. कुठे वाच्यता नाही, पंचनामा नाही. एका सकाळी कूस बदलली की संपलं.

यंदा एक चूक झाली. कोजागिरीच्या रात्री दुधाचा तिसरा पेला संपवता संपवता मी बायकोला म्हणालो, "या वेळी दोघांनी मिळून करू या का?"

ती नाही म्हणणार याची मला खात्री होती. लग्नाला 24 वर्षं झाल्यावर माणसाला एवढा अंदाज असायला हवा. पण ती म्हणाली, "करू या." वर पुरावाही काढला. 2015 साली लंडनच्या संशोधकांनी पन्नाशीच्या पुढच्या सुमारे 3,700 जोडप्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. बैठ्या नवऱ्यांपैकी ज्यांच्या बायका बैठ्याच राहिल्या, त्यांतले 26 टक्के हालचाल करू लागले. ज्यांच्या बायकांनीही सुरुवात केली, त्यांतले 67 टक्के.

"म्हणजे माझ्याशिवाय तू 26 टक्के आहेस," ती म्हणाली. सासरची माणसं हेच गेली 24 वर्षं आकडा न देता सांगत आली आहेत.

आता कार्यक्रमाविषयी. अमेरिकेत 2009 साली 'इन्सॅनिटी' नावाचा 60 दिवसांचा घरगुती व्यायाम डीव्हीडीवर निघाला. नावाचा अर्थ वेड. वेष्टनावर मालाचं इतकं प्रामाणिक वर्णन छापल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. त्या गोत्रातले कितीतरी कार्यक्रम नंतर लोकांच्या फोनवर आले. आम्ही निवडलेला त्यांपैकीच एक: 60 दिवस, आठवड्यातून सहा वेळा, दर वेळी 40 मिनिटं. सामान काही नको, जागा एका चटईपुरती. दोघांना दोन चटया. आमच्या हॉलमध्ये दिवाण, टीपॉय आणि आई वगळली तर दीड चटई बसते. उरलेल्या अर्ध्या चटईवरून पहिल्याच सकाळी जी बोलणी झाली, त्यात आमच्या दोघांच्या हृदयाचे ठोके वॉर्म-अपशिवायच योग्य त्या पातळीला पोचले.

आई दिवाणावर जपमाळ घेऊन बसलेली असते. आमच्या व्यायामातल्या बर्पी नामक प्रकाराकडे ती सुरुवातीला मोठ्या आस्थेने बघत होती. उभं राहायचं, खाली बसायचं, हात टेकून पाय मागे फेकायचे, जमिनीला छाती लावायची, परत उठायचं आणि उडी मारायची. पाच-सहा बघितल्यावर तिने विचारलं, "अरे, साष्टांग नमस्कार घातला की देवाचं नाव घेऊन गप उठावं. वर उडी कशाला?"

प्रश्न रास्त होता, म्हणून मी शोध घेतला. रॉयल बर्पी नावाचे एक अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ होते. 1930 च्या दशकात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात असताना त्यांनी माणूस कितपत तंदुरुस्त आहे हे झटपट तपासायला ही हालचाल बसवली. त्यांच्या मूळ कृतीत उडीही नव्हती आणि जोरही नव्हता. ती मोजक्या वेळा करायची, नाडी बघायची आणि घरी जायचं, एवढाच मामला. पुढे महायुद्धात अमेरिकी सैन्याने ती उचलली आणि मग ती कोणाच्या हातात राहिली नाही. थोडक्यात, मूळची ती परीक्षा होती. आपण तिचा रोजचा अभ्यासक्रम केला. शिक्षणक्षेत्रात आपल्याकडे हे नेहमीच होतं.

दुसरा प्रकार तबाताचा. नाव ऐकून आईला वाटलं तबला, आणि मुलगा उतारवयात का होईना काहीतरी शिकतोय म्हणून तिला बरं वाटलं. इझुमी तबाता हे जपानी संशोधक. 1996 साली त्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला: 20 सेकंद जीव खाऊन व्यायाम, 10 सेकंद विश्रांती, अशा आठ फेऱ्या. एकूण 4 मिनिटं. या पद्धतीचा उगम जपानच्या बर्फावर शर्यती करणाऱ्या स्केटिंगपटूंच्या सरावात होता. ते खेळाडू ऑलिंपिकच्या तयारीतले. आम्ही गॅसचा सिलिंडर बदलल्यावर पाच मिनिटं बसून घेणारे. 20 सेकंद किती लांब असतात हे मला या वयात कळलं. आणि 10 सेकंदांच्या विश्रांतीत बायको 'तू गुडघा पूर्ण वर घेत नाहीस' हे वाक्य सगळं म्हणू शकते, वर दोन सेकंद शिल्लक राहतात.

तिसऱ्या दिवशी जिने उतरणं बंद पडलं. असल्या व्यायामानंतरचं स्नायूंचं दुखणं 24 ते 72 तासांत शिगेला जातं. चढण्यापेक्षा उतरण्याने जास्त ठणकतं, कारण उतरताना मांडीचा स्नायू भार पेलत पेलत ताणला जातो आणि त्याच्या तंतूंना झालेली इजा तिथेच बोंबलते. हे सगळं मी वाचलं होतं. वाचून जिना उतरता येत नाही. शेवटी आम्ही दोघं कठड्याला धरून, तोंड भिंतीकडे करून, विहिरीत उतरावं तसे उलटे उतरलो. दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंत चौघं भेटले. चौघांनीही 'काय, भांडलात वाटतं' अशा नजरेने बघितलं.

आमच्याकडे भांडी-फरशीला येणाऱ्या मावशींनी मात्र व्यवहार्य सूचना केली. "ताई, खाली-वर व्हायचंच आहे तर हातात फडकं घ्या. दोन्ही कामं होतील." त्या दिवशी त्या फरशी न पुसता गेल्या. फरशी ओली होतीच.

तिसऱ्या आठवड्यात मला आमच्या व्यायामाचं मर्म कळलं. दोघांनाही तो सोडायचा होता. अट एवढीच, की आधी दुसऱ्याने सोडावा.

कारण आमच्या घरात इतिहास जपला जातो. 2006 साली गॅसवर दूध ठेवून कोण विसरलं, याची नोंद तारखेसह उपलब्ध आहे. जो आधी थांबेल, त्याच्या नावावर हे प्रकरण जन्मभर लागणार. पुढे कधीही मी रद्दी टाकायला विसरलो तर 'तसंही तू ते व्यायामाचं अर्धवट सोडलंसच' हे वाक्य त्या रद्दीच्या गठ्ठ्यावर येऊन बसणार. म्हणून रोज सकाळी आम्ही शेजारी शेजारी उभे राहायचो आणि एकमेकांचा श्वास ऐकायचो. तिला धाप लागली की माझ्या अंगात बळ यायचं. मला खोकला आला की ती हसत उडी मारायची. जोडीने केलेला व्यायाम जास्त टिकतो असं जे तज्ज्ञ सांगतात, ते यामुळेच असावं. त्याला ते परस्पर प्रोत्साहन म्हणतात.

दिवाळी हा पहिला सन्मान्य मार्ग होता. नरकचतुर्दशीला मी उटणं लावता लावता सहज म्हणालो, "आज सुट्टीच असेल ना?" बायको म्हणाली, "कार्यक्रम अमेरिकेचा आहे. त्यात दिवाळी कुठली?" म्हणताना तिचा चेहरा माझ्यापेक्षा उतरलेला होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. त्या सकाळच्या 40 मिनिटांत मी बहुधा एका वडापावाएवढ्या उष्मांकांची वाट लावली. नंतर फराळाचं ताट आलं आणि ते उष्मांक चिवडा, चकली, लाडू असे सहकुटुंब परतले.

एकदा ऐन माउंटन क्लाइंबरमध्ये वीज गेली. वायफाय बंद, पडदा काळा. आम्ही दोघं जमिनीवर तसेच. "अरेरे," मी म्हणालो. "छे, किती छान लय लागली होती," ती म्हणाली. अंधारात दोघांची तोंडं दिसत नव्हती हे बरं होतं. तेवढ्यात आई म्हणाली, "थांबू नका, मी मोजते." तिने माळ सरसावली. पडद्यावरचा प्रशिक्षक 30 वर थांबतो. माळेला 108 मणी असतात.

आईला यात रस वाटू लागला त्याला कारण आहे. तिचे वडील औंध संस्थानच्या शाळेत शिकले. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत आणि शाळांमध्ये ते त्यांनी सक्तीचे केले होते. 1938 साली त्यांचं सूर्यनमस्कारावरचं इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये निघालं. "आमच्या दादांनी राजाच्या धाकाने घातले, तेही फुकट," आई म्हणते. "तुम्ही पैसे भरून धाक विकत आणलात." स्वतः आईने आयुष्यात एकही नमस्कार घातलेला नाही. परंपरेचा अभिमान बाळगायला गुडघे वाकवावे लागत नाहीत.

मग मला कायद्याची आठवण झाली. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आहेत. त्यांत रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6, आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल. आम्ही साडेसहाला उड्या मारत होतो, म्हणजे अगदीच कायदेशीर. मी उदारपणे सुचवलं, "साडेपाचला करू या. हवा चांगली असते." दोन माणसांची मिळून 150 किलोची उडी 45 डेसिबलमध्ये बसणं शक्य नव्हतं. बायकोने एका क्षणात होकार दिला. त्याच संध्याकाळी ती कोथिंबीर आणायला म्हणून खाली गेली आणि अर्ध्या तासाने रिकाम्या हाताने आली. फ्रीजमध्ये कोथिंबिरीची जुडी होती. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आठवडा झाला, तक्रार आली नाही. माणसं इतकी सोशिक असतील अशी पुण्यात अपेक्षा नव्हती. शेवटी मीच दूध आणायला म्हणून निघालो आणि आमच्या बरोबर खाली राहणाऱ्या काकांची बेल वाजवली.

"काका, पहाटे वरून उड्यांचा त्रास होत असेल ना?"

"छे हो."

"संकोच करू नका. सोसायटीकडे लेखी तक्रार द्या. मी अजिबात राग मानणार नाही."

काका हसले. "तुमच्या मिसेसही मागच्या आठवड्यात हेच सांगून गेल्या. अर्जाचा मसुदासुद्धा लिहून आणला होता त्यांनी. अक्षर सुंदर आहे हो."

मी सोफ्यावर बसलो. मांड्यांमुळे बसलो म्हणजे पडलोच.

"पण तक्रार काही मी करायचो नाही," काका पुढे म्हणाले. "नातू यंदा दहावीला आहे. गजर लावला की बंद करून झोपायचा. तुम्ही साडेपाचला सुरू झाल्यापासून ताडकन उठतो. गजर बंद करता येतो, तुम्हाला बंद करता येत नाही. आमच्या सूनबाई तर म्हणतात, परीक्षा होईपर्यंत वरच्यांना गावाला जाऊ देऊ नका."

वर आलो. बायकोने दार उघडलं. "दूध?"

"संपलं होतं."

"हं," ती म्हणाली. "कोथिंबीरही संपली होती त्या दिवशी."

या विषयावर आमच्यात झालेलं हे एवढंच संभाषण. दुसऱ्या दिवशी साडेपाचला दोघंही चटईवर हजर होतो.

सवय लागायला 21 दिवस पुरतात असं सगळे सांगतात. ती गोष्ट मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या 1960 सालच्या पुस्तकातून पसरली. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला स्वतःच्या नव्या चेहऱ्याची ओळख पटायला निदान 21 दिवस लागतात, एवढंच त्यांनी नोंदवलं होतं. पुढे लंडनमध्ये खरोखर मोजून बघितलं, तेव्हा नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागतात असं निघालं. आमचा कार्यक्रम 60 दिवसांचा. म्हणजे सवय लागायच्या आत सहा दिवस आधी सुखरूप सुटका, असा मूळ आराखडा होता. आज 52 वा दिवस आहे. पण कोजागिरीपासून दहावीच्या शेवटच्या पेपरापर्यंत मोजले तर दीडशेच्या आसपास दिवस भरतात. तोवर आम्हाला सवय लागलेली असेल, हीच भीती आहे.

तेव्हा माध्यमिक शिक्षण मंडळाला या सदरातून नम्र विनंती: यंदाची दहावीची परीक्षा कृपया नाताळाच्या आत उरकून घ्यावी. मुलांचा अभ्यास झालेला नसेल, हे मान्य. पण आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलाचा झाला आहे. पहाटे साडेपाचपासून तो बसलेला असतो, आणि त्याच्या डोक्यावर दोन माणसं, कोण आधी थांबतं याची वाट बघत, अजून उड्या मारत आहेत.